सरांच्या घराचा कोन

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आमच्या हायस्कुलातल्या भूगोलाच्या सरांचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण आपलं नाव छापलेलं दिसलं की ते लाल पेन काढून बाकीच्या मजकुराचं शुद्धलेखन तपासायला बसतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. शाळेत इतरही सर होते, पण त्यांच्या नावापुढे विषय लावावा लागे.

आमची शाळा अड्याळकडची. मी तिथे आठवीत गेलो तेव्हा जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळा झाला, पण वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशाला ते कळलेलं नव्हतं. नवा नकाशा यायची वाट न बघता सरांनी खुर्चीवर चढून जुन्या नकाशावर लाल पेनाने रेघ ओढली आणि खाली उतरून म्हणाले, “झाला जिल्हा. आता तुम्ही इकडचे. तिकडच्या नद्या पाठ करायची गरज नाही, पण केल्या तर मी मारणार नाही.”

सरांची हजेरी घेण्याची पद्धत जगावेगळी होती. त्यांच्या तासाला ‘हजर’ म्हणायचं नाही. शाळेच्या पायरीवर उभं राहिल्यावर आपलं घर कोणत्या कोनावर आहे, तो कोन सांगायचा. उत्तरेला शून्य धरायचं, तिथून घड्याळाच्या काट्यासारखं फिरत जायचं. पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, पश्चिम दोनशे सत्तर. पुस्तकात याला दिशाकोन म्हणतात. सर नुसतं ‘कोन’ म्हणत, आणि तो तीन आकड्यांतच सांगावा लागे.

“सत्तर, सर,” मी पहिल्या दिवशी म्हणालो.

“सत्तर रुपये का सत्तर क्विंटल?”

“सत्तर... कोन, सर.”

“शून्य-सात-शून्य. शून्य म्हणायची लाज वाटते का रे तुला? अर्धा भूगोल शून्यावर उभा आहे.”

तेव्हापासून मी शून्य-सात-शून्य झालो. माझ्या वस्तीतली आम्ही चौघंजण एकाच कोनावरची, त्यामुळे एक जण गैरहजर असला तरी त्याचा कोन दुसरा सांगून टाकी. हे सरांच्या लक्षात येत नसे असं आम्हाला वाटे. एकदा मागच्या बाकावरच्या एकाने धीर करून विचारलं, “सर, तुमच्या घराचा कोन किती?”

सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, “तो मी सांगत नाही. मोठे व्हा आणि शोधून काढा. काहीतरी बाकी ठेवलं पाहिजे.”

त्यांचं गाव वैनगंगेच्या काठावर होतं. तिथून ते सायकलीने येत. वर्षातून एकदा आम्हा आठवीच्या मुलांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ते आपल्या गावाला नेत आणि स्वतःच्या घराच्या ओट्यावर होकायंत्र ठेवून नकाशावाचन शिकवत. नदीच्या अलीकडे, दूरवर, एक टेकडी होती. तिचा कोन घ्यायचा. मग नदीपलीकडच्या गावातलं उंच देऊळ. त्याचा कोन घ्यायचा. टेकडीचा कोन आम्ही घेतला, सरांनी तो आमच्याकडून ओरडून म्हणवून घेतला, “तीन-एक-पाच!” आणि आता देवळाकडे वळणार इतक्यात आतून सरांच्या पत्नी मुरमुऱ्याच्या चिवड्याचं घमेलं घेऊन बाहेर आल्या. पुढे भूगोल झाला नाही. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्गांचंही हेच झालं असावं, कारण सरांच्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो टेकडीचा कोन तीन-एक-पाच सांगतो, आणि देवळाचा कोन विचारला की चिवड्यात कांदा होता असं सांगतो.

माझे बाबा शाळेत गेले नव्हते. आईही नाही. मी बारावी झालो तेव्हा आमच्या विहारात मला टाळ्या मिळाल्या आणि बाबांना वाटलं, झालं, आता पोरगा कामाला लागला. ते रोवण्याचे दिवस होते. दुसऱ्याच्या बांधीत चिखलात उभे राहून आम्ही सगळे धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवत होतो. तेवढ्यात बांधावरून पांढरा शर्ट घातलेले सर बूट हातात धरून येताना दिसले.

“याले भंडाऱ्याले कॉलेजात पाठवा,” सर बाबांना म्हणाले. माझ्या बाबांशी बोलताना ते नेहमी आमच्यासारखं बोलत.

“बारावी झाला न जी. बहुत झालं,” बाबा म्हणाले. “तिकडे शहरात पोरगा चुकून जाईल.”

सरांनी खिशातून होकायंत्र काढून बाबांच्या चिखलाने भरलेल्या तळहातावर ठेवलं. “पाहा. सुई कोनीकडे हाय?”

“तिकडे.”

“भंडारा तिकडेच हाय. नाकासमोर, सरळ उत्तर. तुमच्या गावावरून भंडाऱ्याले जाताना चुकाले जागाच नाई.”

बाबांनी सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, होकायंत्र थोडं गोल फिरवून पाहिलं. सुई वळली नाही. “हे तर तुमच्याच बाजूनं बोलून राह्यलं जी,” ते म्हणाले, आणि हसले. तसा मी कॉलेजात गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, बी.एड. केलं आणि फिरून जिल्ह्यातच भूगोल शिकवायला लागलो. आज मी जो काही आहे तो त्या चिखलातल्या होकायंत्रामुळे आहे, हे मी कुठल्याही सभेत सांगतो. लोकांना भाषण वाटतं.

मधल्या वर्षांत गोसीखुर्दचं धरण भरलं. सरांचं गाव पाण्याखाली गेलं. गावातले लोक वर, नव्या गावठाणात राहायला आले. सिमेंटचे सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, मध्ये शाळा आणि समाजमंदिर. सर तोवर निवृत्त झाले होते. ते गावठाणात आले नाहीत, मुलाकडे पुण्याला गेले. पत्नी त्याआधीच वारल्या होत्या.

एका लग्नाच्या निमित्ताने सर इकडे आले तेव्हा मी त्यांना मोटारसायकलवर बसवून पाण्याकडे घेऊन गेलो. गावाला जाणारा जुना डांबरी रस्ता तिथे सरळ पाण्यात उतरतो, जणू पुढेही कुणाला जायचं आहे. सर खाली उतरले. चष्मा पुसला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे पाणी, आणि त्यावर कोळ्यांचे दोन-तीन डोंगे.

“घर कुठं असेल रे?” त्यांनी विचारलं.

मी हात लांब करून, पाचही बोटं पसरून म्हणालो, “तिकडे, सर.”

सर माझ्या हाताकडे बघत राहिले. मग हसले. “तिकडे? बी.एड. झालेला माणूस तू. तीन आकडे लागतात, बाबू.”

मला काही सांगता येईना. त्यांनाही सांगता येईना. नाहीतर त्यांनी सांगितलंच असतं, ते उत्तर कधी पोटात ठेवत नसत. परत निघताना गाडीवर मागे बसून ते म्हणाले, “आता काही मी येत नाही. पाणीच बघायचं तर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टाकी आहे.” हा विनोद होता, पण पवनीपर्यंत मी गाडी सावकाशच चालवली.

ज्या माणसाने शेकडो पोरांना त्यांच्या घराचा कोन शिकवला त्याला आपलं घर कुठे होतं ते सांगता येऊ नये, हे माझ्या मनातून जाईना. फोनवर मी एक-दोनदा विषय काढला. “सोड ते,” म्हणाले, आणि पुण्यातल्या रिक्षांबद्दल, नाहीतर आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल बोलू लागले. म्हणून ठरवलं, हे त्यांना न विचारता करायचं. जुन्या नकाशावर गाव सापडत होतं, पण एका ठिपक्याएवढं. सरांना ठिपका नको होता. त्यांना ओटा हवा होता.

माझी बदली तोवर गावठाणातल्याच शाळेत झाली होती. नववीच्या वर्गाला मी सांगितलं, आपण एका घराचा कोन शोधायचा आहे. घर पाण्याखाली आहे, ते माझ्या सरांचं आहे, आणि ते सापडलं नाही तर सर पुन्हा इकडे येणार नाहीत.

“मोबाइलवर पाहा न सर,” एक जण म्हणाला. पाहिलं. मोबाइलवर निळं होतं. वर्गातल्या पोरांनी बोटाने ते निळं मोठं केलं, आणखी मोठं केलं. ते आणखी निळं झालं.

मग आम्ही सुरुवातीपासून सुरुवात केली. हजेरीची पद्धत मी सरांचीच ठेवली होती, पण गावठाण शाळेला चिकटून असल्यामुळे निम्म्या वर्गाचा कोन एकच येई आणि हजेरी एखाद्या आरतीसारखी वाटे. पहिलं काम खरी उत्तर शोधण्याचं. मैदानात बांबू रोवला. सकाळी त्याच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवला, त्या सावलीएवढ्या दोरीने बांबूभोवती गोल काढला आणि दुपारनंतर सावली पुन्हा त्या गोलाला टेकली तिथे दुसरा खडा. दोन खड्यांमधल्या रेघेचा मध्य आणि बांबू जोडला की खरी उत्तर-दक्षिण. तिच्यावर होकायंत्र ठेवलं तर सुई जवळजवळ रेघेवरच.

“सर, दोन्ही उत्तरा सारख्याच हायत तर मंग दिवसभर उन्हात कायले बसवलं?” पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. तिला प्रश्न विचारायची सवय होती, आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचीही.

मी सांगितलं की आपल्या भागात सुई खऱ्या उत्तरेपासून फारशी ढळत नाही, हे आपलं नशीब. जगात इतर ठिकाणी ती चांगली दहा-वीस अंशांनी दुसरीकडे बघते, तेव्हा हिशेब करून दुरुस्ती करावी लागते. “आणि सुई खरं बोलून राहिली की नाही, हे सूर्याला विचारल्याशिवाय कळणार कसं?”

“म्हणजे सुईची चुगली सूर्यापाशी कराची,” ती म्हणाली आणि बसली. इतकी सोपी व्याख्या मला बी.एड.लाही कुणी दिली नव्हती.

मग प्रत्येकाने मैदानातून पाण्याच्या टाकीचा कोन घेतला. वर्गाचा कोन एक, माझा भलताच. मी पुन्हा घेतला, पुन्हा भलताच. पोरं आधी दबक्या आवाजात, मग मोकळेपणाने हसू लागली. मी त्यांना हँडपंपापासून दूर राहा, टिनाच्या शेडखाली उभे राहू नका, हातातलं कडं काढा, असं सगळं सांगितलं होतं. शेवटी त्या मुलीने माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. कमरेला शाळेच्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. सुई उत्तरेकडे बघायचं सोडून माझ्या किल्ल्यांकडे बघत होती. त्या दिवसापासून वर्गात कुणाचंही काही चुकलं की मागून आवाज यायचा, “किल्ल्या पाहा बे.”

आता खरं काम. टेकडी अजून पाण्यावर होती. सरांच्या ओट्यावरून ती तीन-एक-पाच, म्हणजे टेकडीवरून ओटा त्याच्या बरोबर उलट, एक-तीन-पाच. नकाशाच्या मोठ्या कागदावर टेकडीपासून आम्ही तशी रेघ ओढली. घर या रेघेवर कुठेतरी. कुठे, ते कळायला दुसरी रेघ हवी, आणि ती चिवड्याने खाल्ली होती.

नदीपलीकडचं देऊळही उंचावर असल्यामुळे टिकलं होतं. मी मुलांना गृहपाठ दिला: घरी जा, आणि सरांच्या दारातून देऊळ कोणत्या दिशेला दिसायचं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग एकच उत्तर घेऊन आला. देऊळ खालच्या अंगाला होतं, दारासमोर अगदी सरळ. आणि खालचं अंग म्हणजे पश्चिम, हे गावठाणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गावठाणाचं पाणी पश्चिमेला आहे. म्हशी खालच्या अंगाला जातात, वारा खालच्या अंगाने येतो. दोन-सात-शून्य. इतकं एकमत मी कुठल्याच परीक्षेत पाहिलेलं नव्हतं.

कंपासपेटीतला चांदा लावून आम्ही देवळापासून उलट रेघ ओढली. दोन्ही रेघा एकमेकींना मिळाल्या. सगळी डोकी कागदावर वाकली.

सरांचं घर नदीच्या पलीकडे निघालं. देवळाच्या गावात. पाण्याबाहेर, कोरड्या जमिनीवर.

हे किती भयंकर होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. सरांचं गाव आणि नदीपलीकडचं गाव यांचं पिढ्यान्‌पिढ्या पटलेलं नव्हतं. कबड्डी असो, पोळा असो की नदीतला मासा असो, दोघांचं भांडण ठरलेलं. मध्ये नदी होती म्हणून बरं. आणि आमच्या मुख्याध्यापिका बाईंचं माहेर नेमकं नदीपलीकडचं.

वर्गातला गोंधळ ऐकून त्या आल्या. आधीच या प्रकरणावर त्यांचा डोळा होता. “भूगोल वर्गात होत नाही का?” हे त्या मला आठवड्यातून एकदा विचारत. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे काय?”

“सरांचं घर, बाई.”

बाईंनी कागद फिरवून घेतला, नीट पाहिला, आणि माझ्या नोकरीच्या काळात पहिल्यांदा त्या खळखळून हसल्या. “हा तर आमचा आठवडी बाजार आहे! तोही कोंबड्यांच्या ओळीचा! जन्मभर आमच्या गावाला नावं ठेवली न तुमच्या सरांनी? आले ना शेवटी कोंबड्या विकायला!”

“बाई, चूक झाली आहे काहीतरी.”

“चूक कशाची? भूगोल आहे हा.” दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. “बाजाराच्या दिवशी पाठवा त्यांना. माझा भाऊ पावती फाडेल.”

वर्ग हसत होता, मीही हसलो, पण मनातून खचलो होतो. सरांना पाठवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती आणि ती कोंबड्यांत गेली होती. मी किल्ल्या पाहिल्या. घरी ठेवल्या होत्या. टेकडीची रेघ पुन्हा काढली, देवळाची पुन्हा काढली. चांदा बदलला. कोंबड्या हलेनात.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असताना ती प्रश्नवाली मुलगी आपला कोन सांगायचं सोडून उभी राहिली. “सर, देऊळ एक-आठ-शून्य हाय.”

“कशावरून?”

“माही बुढी सरांच्या शेजारी राहे न. काल राती तिले मी दिशा विचारलीच नाई. दिशा विचारली का ते खालचं अंगच म्हनते. मी म्हटलं, बुढे, सरांच्या दारात देवळाकडे तोंड करून उभी राह्य, सकाळचं ऊन कोनत्या गालावर याचं?”

“मग?”

“म्हने डाव्या. डाव्याच गालाले जास्ती सुरकुत्या हायत माह्या, दिसत नाई का, म्हने.”

वर्ग हसला, पण माझे हात कामाला लागले होते. सकाळचं ऊन डाव्या गालावर, म्हणजे तोंड दक्षिणेला. पश्चिमेला तोंड असतं तर ऊन पाठीवर आलं असतं. एका क्षणात सगळं समजलं. जुन्या गावाच्या दक्षिणेला नदी होती, म्हणून तिथे खालचं अंग दक्षिण. नव्या गावठाणाच्या पश्चिमेला पाणी, म्हणून इथे खालचं अंग पश्चिम. म्हातारी माणसं जुन्या गावात उभी राहून सांगत होती, पोरं नव्या गावठाणात उभी राहून ऐकत होती. दोघांचंही बरोबर. मध्ये सबंध गाव काटकोनात वळलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

मी तिला पेन्सिल दिली. तिने देवळापासून सरळ उत्तरेला रेघ ओढायला पट्टी ठेवली. रेघ नदी ओलांडून अलीकडे आली, टेकडीच्या रेघेला मिळाली. जुन्या नकाशावरच्या त्या ठिपक्याच्या अगदी कडेला, पाण्याच्या आत. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “कोंबड्या उडाल्या सर.”

बाईंनी पाण्यावर जाण्याची परवानगी दिली ती अटी घालून. पाण्याच्या जवळ कुणी जायचं नाही, रस्त्यावरच्या कडुलिंबाच्या पुढे एक पाऊल नाही, आणि शिपाई शिटी घेऊन सोबत. शिपायाने शिटी इतकी वाजवली की बगळे उडून पलीकडे गेले. रस्ता पाण्यात उतरतो त्याच्या अलीकडे, कडुलिंबाखाली आम्ही होकायंत्र ठेवलं. टेकडीवरून आणि देवळावरून आपली जागा नकाशावर नक्की केली, आणि तिथून सरांच्या घराकडे रेघ ओढून मोजली. दोन-पाच-शून्य.

त्या कोनावर बघितलं तर पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. पण पलीकडच्या काठावर नेमकं एक मोहाचं झाड उभं होतं. आता त्या पाण्याला जागा आली. पोरं एकेक करून होकायंत्रावरून त्या झाडाकडे बघून गेली. मग कुणीतरी म्हणालं, “इथून चिवडा कसा आनाचा?” आणि वाचलो.

त्या मुलीची बुढी मागून काठी टेकत आलीच होती. “सरांचं झालं न? आता माह्यं काढ,” ती नातीला म्हणाली. सरांच्या घरापासून आपलं दार कोणत्या बाजूला, ते तिने सांगितलं, गालासकट. नातीने कोन काढून दिला. बुढीने तो दोनदा म्हणून पाहिला. ही बातमी गावठाणात कशी पोचली माहीत नाही, पण ऊन उतरेपर्यंत कडुलिंबाखाली म्हाताऱ्या माणसांची रांग लागली. प्रत्येकाला आपला कोन हवा. नववीचा वर्ग डाक्टरांसारखा एकेकाला तपासत होता. “बुढा, नदीकडे तोंड करून सांगजो. ऊन कोनीकडून?” दोन सख्खे भाऊ होते, जुन्या घरातल्या मधल्या भिंतीवरून त्यांचं बोलणं बंद होतं. दोघांनाही एकच कोन आला. थोरला म्हणाला, “त्याच्यापेक्षा मले एक तरी जास्ती द्या जी.” पोरांनी दिला नाही. मोजमापात लबाडी चालत नाही, हे त्यांना मी शिकवलं होतं. मला सरांनी.

त्याच आठवड्यात मी सरांना पत्र लिहिलं. फोनवर ते ‘सोड ते’ म्हणाले असते, आणि पत्रावर लाल पेन चालवल्याशिवाय ते खाली ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं.

आदरणीय सर,

सा. न.

आपण दिलेला गृहपाठ उशिरा सादर करत आहे. तुमच्या घराचा कोन मोठे होऊन शोधून काढा, असं तुम्ही आम्हाला आठवीत म्हणाला होतात. मोठं व्हायला आम्हाला वेळ लागला.

रस्ता पाण्यात उतरतो तिथे कडुलिंबाखाली उभं राहायचं. किल्ल्या, मोबाइल, कडं जवळ ठेवायचं नाही. उत्तरेपासून मोजत यायचं. तुमचा ओटा दोन-पाच-शून्यवर आहे. पलीकडच्या काठावरचं मोहाचं झाड धरलं तर होकायंत्राचीही गरज नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर झाड दिसायला हरकत नसावी.

देवळाचा कोन एक-आठ-शून्य आहे. तो तुमच्या कुठल्याच वर्गाने लिहून घेतला नव्हता. कारण तुम्हाला ठाऊक आहे. तो चिवडा आम्ही कुणीच विसरलेलो नाही.

काम माझ्या नववीच्या वर्गाने केलं आहे. अवघड भाग एका मुलीने सोडवला. पहिल्या प्रयत्नात तुमचं घर नदीपलीकडच्या बाजारात गेलं होतं, ते आम्ही परत आणलं. आमच्या मुख्याध्यापिका बाई तिकडच्याच आहेत. त्या म्हणतात, एवढ्या लांबून सर आलेच तर एक चहा आमच्या गावालाही घ्यावा. मी हो किंवा नाही काहीच बोललो नाही.

सर, आमच्या रेघा जाड आहेत आणि होकायंत्रं स्वस्तातली. दोन-चार घरांचा फरक पडू शकतो. म्हणजे आम्ही तुम्हाला शेजाऱ्याच्या ओट्यावरही बसवलं असेल. गावठाणात उत्तर तपासून देणारं माणूस नाही. न तपासलेली वही तुम्ही कधी तशीच ठेवली नाही, म्हणून हे पाठवत आहे.

तुम्ही कळवाल त्या दिवशी मी भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडी घेऊन येईन. तिथून सरळ दक्षिण. चुकायला जागा नाही.

कडुलिंबाखाली वर्ग हजेरी घेणार आहे. सगळे आपापला कोन सांगतील. शेवटचा तुम्ही सांगायचा आहे.

बाबांनी नमस्कार सांगितला आहे.

आपला विद्यार्थी,
शून्य-सात-शून्य